खड्डा खोदणारा एक, भरणारा दुसरा?

रस्त्यावरील खड्ड्यामुळे अथवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा मृत्यू ओढवल्यास त्याच्या वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. ही रक्कम जबाबदार अधिकारी आणि ठेकेदार यांच्याकडून वसूल करावी, असेही न्यायालयाने बजावले. या आदेशाचे आपण मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे. मात्र त्याच्या निमित्ताने आणखी एका, तुलनेने लहान परंतु नित्याच्या अन्यायाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

वीज, दूरध्वनी, गॅस, पाणी यांसाठी आपल्या गल्ल्या वारंवार खोदल्या जातात. या सेवा आपल्याला हव्या आहेत. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु वाहिनी टाकून मजूर निघून गेले, की फाटकापुढची पायरी तुटलेली असते, फरशी उखडलेली असते, सांडपाण्याची नळी फुटलेली असते. ही दुरुस्ती कोणी करायची? बहुधा घरमालकच मुकाट्याने गवंडी बोलावतो आणि पदरचे पैसे मोजतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यावी, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक कायदा याबाबत संदिग्ध नाही. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ६७ नुसार परवानाधारक कंपनीने शक्य तितके कमी नुकसान करावे आणि तिच्याकडून किंवा तिने नेमलेल्या माणसांकडून झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी, असे बंधन आहे. ‘काम ठेकेदाराचे होते’ ही सबब त्यामुळे टिकत नाही. खाजगी जागेत काम करण्यापूर्वी मालकाची संमती घ्यावी आणि त्याने हरकत घेतल्यास जिल्हादंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त यांची लेखी परवानगी मिळवावी, असे २००६ चे नियम सांगतात. दूरसंचाराच्या बाबतीत १८८५ च्या तार अधिनियमातही पूर्ण भरपाईचे तत्त्व होते. त्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला असून मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले आहेत.

मग घोडे अडते कोठे? आमच्या मते तीन ठिकाणी.

पहिले, पैसे कुणाच्या हाती जातात येथे. सार्वजनिक रस्ता खोदण्यास परवानगी देताना महानगरपालिका पुनर्स्थापना शुल्क आगाऊ घेते. ते रस्त्यासाठी असते. आपल्या पायरीचा वा कुंपणभिंतीचा हिशेब त्यात नसतो. रस्त्याची भरपाई काम सुरू होण्यापूर्वीच जमा होते, घरमालकाला मात्र ती नंतर मागावी लागते. विजेच्या कामासंबंधी वाद झाला तर तो विद्युत नियामक आयोगापुढे न्यावा लागतो. चार-पाच हजारांच्या फरशीसाठी कोणता सामान्य माणूस मुंबईतील आयोगाची पायरी चढेल?

दुसरे, मालकीचा गोंधळ. आपल्या गावांतील अनेक गल्ल्या पूर्वजांनी आपापल्या वाडीचा पट्टा सोडून तयार केल्या. वहिवाट सर्वांची, पण सातबाऱ्यावर नाव खाजगी! अशा ठिकाणी ‘आम्ही पालिकेची परवानगी घेतली’ असे कंपनी म्हणते आणि ‘रस्ता आमचा नाही’ असे पालिका म्हणते.

तिसरे, काळाचा फरक. चर बुजवताना माती थराथराने टाकून नीट ठोकली नाही, तर वरून सारे सपाट दिसते. पावसाचे पाणी मुरले की भराव खचतो, भिंतीला तडा जातो, नळी वाकते. तोवर ठेकेदाराचे देयक चुकते झालेले असते. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार खोदणारी संस्थाच रस्ता पूर्ववत करते आणि त्याची किमान दोन वर्षे हमी घेते. आपल्याकडेही किमान दोन पावसाळ्यांची हमी घरालगतच्या प्रत्येक कामाला असावी.

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. समन्वयाविना होणाऱ्या खोदकामामुळे देशाचे वर्षाला सुमारे ३ हजार कोटींचे नुकसान होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्यामुळे एका कंपनीची तार दुसरीच्या कुदळीपासून वाचेल. आपल्या अंगणातली सांडपाण्याची नळी कोणत्याच नकाशावर नसते.

कंपन्यांवर हा बोजा टाकल्यास तो अखेर ग्राहकांच्या देयकात येईल, असा आक्षेप घेतला जातो. येईलही. परंतु सेवेचा लाभ सर्वांना आणि दुरुस्तीचा भुर्दंड एकाच घराला, यापेक्षा लाखो ग्राहकांत विभागलेले काही पैसे अधिक न्याय्य नव्हेत काय? ज्याने खड्डा खणून उघडा ठेवला, त्यानेच त्यात पडलेल्या बैलाची भरपाई द्यावी, ही निर्गमाच्या ग्रंथातील आज्ञा आपल्या परिचयाची आहे. उच्च न्यायालयाने आज निराळ्या शब्दांत तेच सांगितले आहे.

कायद्यात सुधारणा होईल तेव्हा होवो. तोपर्यंत काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. कोऱ्या संमतिपत्रावर सही करू नये. कंपनीचे व ठेकेदाराचे नाव, कामाची मुदत आणि पूर्ववत करून देण्याची अट त्यावर लिहून घ्यावी. कुदळ पडण्यापूर्वी भिंत, पायरी, फरशी यांची तारखेसह छायाचित्रे काढावीत. नुकसान होताच कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी करावी. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. गल्लीतील वीस घरांनी मिळून केलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. ज्या वृद्धांना वा विधवांना हे कागदपत्र जमणार नाहीत, त्यांचा अर्ज शेजाऱ्यांनी लिहून द्यावा. भरपाई मागणे ही कुणाकडे केलेली याचना नव्हे. तो आपला हक्क आहे.