आधी थॉर्नटनबाई, मग एल्विस

परवा नातवाने एल्विस प्रेस्लीचे 'हाउंड डॉग' ऐकवले. या वयातही पायाने ठेका धरला, हे कबूल! मग त्यानेच बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचे १९५२ सालचे मूळ ध्वनिमुद्रण लावले आणि मी चमकलो.

लीबर आणि स्टोलर या एकोणीस वर्षांच्या पोरांनी ते खास बाईंसाठी लिहिलेले. बाई त्यात एका ऐतखाऊ पुरुषाला दारातून हाकलतात. फ्रेडी बेलच्या वाद्यवृंदाने शब्द बदलले, १९५६ मध्ये एल्विसने तेच उचलले. बाईचा संताप गेला, उरला नुसता कुत्रा!

दुसऱ्याचे गाणे गाणे म्हणजे चोरी नव्हे. गाणी अशीच जगतात. पण मानाचे काय? 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये एल्विस १९८६ च्या पहिल्याच तुकडीत. थॉर्नटनबाई १९८४ मध्ये गेल्या, त्यांची आठवण झाली २०२४ साली.

मुलांना आयुष्यभर बजावले, उतारा खुशाल घ्या, पण खाली मूळ नाव लिहा. असो. नातवाला म्हटले, यापुढे आधी थॉर्नटनबाई लाव, मग एल्विस.