सक्तीच्या बाजूने दोन शब्द

'सक्ती' हा शब्द हॉस्टेलमध्ये उच्चारला की काय होतं ते मी सांगायला नको. हजेरीची सक्ती, वर्कशॉपला एप्रनची सक्ती, रात्री ठरलेल्या वेळेत गेटच्या आत असण्याची सक्ती. सक्तीतून पळवाट काढणं हा आपला अभ्यासक्रमाबाहेरचा विषय आहे आणि त्यात कुणाला केटी लागल्याचं ऐकिवात नाही! अशा वाचकांसमोर मी आज चक्क सक्तीची वकिली करायला उभा आहे. उदाहरण विमानाचं आहे, त्यातही विमानाच्या शेपटीतल्या एका बारीक फटीचं. पण ब्रँच कुठलीही असो, ते आपल्या कामाचं आहे असं मला वाटतं.

विमान आणि बर्फ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पंखावर साचलेला बर्फ येतो. ते बरोबरच आहे. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनहून निघालेलं एअर फ्लोरिडाचं बोइंग ७३७ पंखांवरच्या बर्फासकट उडालं, पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकलं आणि नदीत पडलं. विमानातले ७४ आणि पुलावरचे ४, असे ७८ जण गेले. पण हा बर्फ निदान दिसतो. खिडकीशी बसलेल्या प्रवाशालाही दिसतो. मला ज्या बर्फाबद्दल लिहायचंय तो जमिनीवर कुणालाच दिसत नाही. आणि गंमत म्हणजे तो येतो बर्फ घालवण्याच्या औषधातूनच.

थंड देशांत हिवाळ्यात उड्डाणाआधी विमानावर ग्लायकॉलयुक्त द्रव फवारतात. त्यातला 'टाइप वन' पातळ असतो. तो गरम करून मारतात आणि तो जमलेला बर्फ वितळवून धुऊन काढतो. 'टाइप टू' आणि 'टाइप फोर' मात्र घट्ट असतात, कारण त्यांत दाटपणा आणणारे पॉलिमर घातलेले असतात. विमान रांगेत उभं असताना वरून पडणारा नवा बर्फ काही वेळ अंगावर झेलणं हे त्यांचं काम. मेसचं मंचाव सूप आठवा. त्यात भाज्या कमी आणि कॉर्नफ्लॉवर जास्त असतं, तसलाच प्रकार. आता एवढा चिकट थर घेऊन विमान उडणार कसं? तर हा द्रव टोमॅटो सॉससारखा वागतो. बाटली नुसती उलटी धरली तर सॉस ढिम्म हलत नाही, झटका दिला की भसकन ताटात. रनवेवर वेग वाढला की वाऱ्याच्या घर्षणाने द्रव पातळ होतो आणि पंखावरून मागे वाहून जातो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये 'शिअर थिनिंग' म्हणून जे चार मार्कांना येतं, ते इथे शेकडो लोकांचा जीव वाचवतं. कल्पना खरंच सुंदर आहे.

पण वारा सगळीकडे पोचत नाही. शेपटीचा आडवा पंख आणि त्याला मागे बिजागऱ्यांनी जोडलेला एलिव्हेटर (म्हणजे लिफ्ट नव्हे, विमानाचं नाक वर-खाली करणारी हलती फळी) यांच्यामध्ये फट असते. तिथे, बिजागऱ्यांच्या आसपास, सांध्यांच्या कोपऱ्यात द्रव शिरतो आणि बसून राहतो. पुढच्या काही उड्डाणांत त्यातलं पाणी आणि ग्लायकॉल उडून जातं. मागे राहते पॉलिमरची कोरडी पापडी किंवा पावडर. ती पावडर निरुपद्रवी दिसते, बऱ्याचदा दिसतही नाही. मग एखाद्या दिवशी पाऊस पडतो, किंवा विमान धुतलं जातं, किंवा पुन्हा फवारणी होते. ती पावडर पाणी पिते आणि फालुद्यातल्या सब्जासारखी फुगते. मूळच्या पावडरच्या कितीतरी पट आकाराचा बुळबुळीत गोळा त्या फटीत तयार होतो. त्यात ग्लायकॉल जवळजवळ उरलेलं नसतं, म्हणजे गोठण्यापासून संरक्षणही उरलेलं नसतं. विमान वर गेलं, बाहेरचं तापमान शून्याखाली गेलं, की तो गोळा दगड होतो. आणि तो दगड बसलेला असतो विमान ज्याने वर-खाली होतं त्याच्या सांध्यात.

मोठ्या विमानांत हे पृष्ठभाग हायड्रॉलिकच्या ताकदीने हलतात, त्यामुळे तिथे थोडाफार बर्फ मोडून निघू शकतो. पण बीएई १४६, त्याचा धाकटा भाऊ एव्ह्रो आरजे, किंवा डीसी-९ आणि एमडी-८० या घराण्यांत रचना वेगळी आहे. वैमानिक एलिव्हेटर थेट हलवत नाही. तो एलिव्हेटरच्या मागच्या कडेची छोटी टॅब हलवतो, त्या टॅबवर वारा दाब देतो आणि त्या दाबाने अख्खा एलिव्हेटर फिरतो. स्वस्त, हलकं, हुशार डिझाइन. पण वाऱ्याच्या जोराला मर्यादा आहे. फटीत बर्फ अडकला तर वैमानिकाचं ओढणं टॅबपर्यंत पोचतं, पण एलिव्हेटर हलत नाही.

२००० नंतरच्या दशकात युरोपात अशा घटना घडत गेल्या. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास विभागाने त्यांची चौकशी केली. युरोपातच जास्त का? तर तिथे बऱ्याच विमानतळांवर घट्ट द्रव गरम करून, पाणी मिसळून एकाच फेरीत मारायची पद्धत रूढ होती. आधी टाइप वन किंवा गरम पाणी आणि मग घट्ट द्रव असं दोन फेऱ्यांत केलं, तर पहिली फेरी जुनी पावडर बरीचशी धुऊन नेते. एका फेरीत वेळ आणि पैसा वाचतो, आणि पावडरचे थर वाढत जातात.

आता माझा खरा मुद्दा. वर कंट्रोल जड झाले, वैमानिक घाबरला, त्याने विमान खाली उबदार हवेत आणलं. बर्फ वितळला. कंट्रोल सुटले. विमान सुखरूप उतरलं. तंत्रज्ञ शिडी लावून शेपटीपर्यंत जातो, एलिव्हेटर हाताने हलवून बघतो, तर एकदम मोकळा! वहीत नोंद होते, 'तपासलं, दोष आढळला नाही.' तंत्रज्ञाची यात काहीच चूक नाही. पुरावाच वितळून टपटप खाली गेला.

म्हणून या दोषाला 'तक्रार आली की बघू' हे धोरण चालत नाही. तक्रार येते तेव्हा विमान हवेत असतं आणि तपासणी होते तेव्हा दोष नसतो. तो पकडायचा एकच मार्ग आहे. काहीही बिघडलेलं नसताना, कुणाची तक्रार नसताना, ठरलेल्या अंतराने फट उघडून बघायची. पद्धतही साधी आहे. फटीत पाण्याचा बारीक फवारा मारायचा, काही मिनिटं थांबायचं, आणि पावडर फुगून जेल दिसतं का ते टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनी बघायचं, बोटांनी चाचपायचं. दिसलं तर धुवायचं, फट आणि पाणी निघून जायची भोकं मोकळी करायची आणि शेवटी बिजागऱ्यांना पुन्हा ग्रीस भरायचं. हे शेवटचं काम विसरायचं नाही, कारण धुताना ग्रीसही जातं.

आणि हे काम ऐच्छिक ठेवलं तर? जे काम केल्यावर काहीच घडत नाही, ते काम पुढे ढकलायला माणसाला कारण लागत नाही. विमान त्या रात्री हँगरमध्ये थांबलं तर सकाळची फेरी चुकते, तो तोटा कागदावर दिसतो. न झालेला अपघात कुठल्याही कागदावर दिसत नाही. हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर 'टाकी धुतल्याची तारीख' रंगवलेली असते, ती पुढच्या वेळी गच्चीवर गेलात तर वाचा. एवढंच म्हणतो, जास्त बोलत नाही.

विमानाच्या जगात दोन कागद असतात. एक 'सर्व्हिस बुलेटिन', म्हणजे विमान बनवणाऱ्याने दिलेला सल्ला. दुसरा 'एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह', म्हणजे सरकारी नियामकाचा आदेश. आदेश पाळला नाही तर विमान कायद्याने उडायला लायक नाही. या दोहोंमधलं अंतर किती महाग पडतं ते एअर फ्रान्स ४४७ मध्ये दिसलं. तिथे बर्फ कंट्रोलमध्ये नव्हता, वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्यांत होता. त्या विशिष्ट नळ्या बदलण्याचा सल्ला एअरबसने २००७ मध्ये दिला होता, पण तो ऐच्छिक होता. २००८ पासून एअर फ्रान्सच्या विमानांत वेगाचं मोजमाप हरवण्याच्या घटना होऊ लागल्या. एप्रिल २००९ मध्ये कंपनीने नळ्या बदलायचं ठरवलं. पहिली खेप २६ मे ला आली. १ जूनला रिओहून पॅरिसला निघालेलं विमान जुन्याच नळ्यांसकट अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ जण गेले. वैमानिकांच्या चुकाही त्यात होत्या, तपासात त्या स्पष्ट मांडल्या आहेत. पण साखळीची पहिली कडी गोठलेल्या नळ्या हीच होती. आणि त्या बदलण्याचा युरोपीय आदेश? तो निघाला ऑगस्ट २००९ अखेर.

माझा एक रूममेट (मेकॅनिकलचाच आहे) म्हणतो, "अरे, सक्ती केली की काम होत नाही, सह्या होतात. आपली जर्नल्स बघ." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. सबमिशनच्या आदल्या रात्री तीस-तीस रीडिंग्ज एकाच 'मास्टर कॉपी'वरून कशी उतरतात हे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? पण जर्नल आणि विमानाची नोंदवही यांत फरक आहे. तिथे सही करणाऱ्याच्या नावावर लायसन्स असतं, आणि आदेशात काय, कुठे, कशाने आणि किती तासांनी बघायचं हे लिहिलेलं असतं. 'योग्य ती काळजी घ्यावी' अशा मोघम वाक्यावर सही करणं सोपं असतं. 'अमुक पॅनल काढून, अमुक सांध्यात पाणी फवारून बघितलं' यावर खोटी सही करायला बराच निर्ढावलेला माणूस लागतो.

तरीही सक्ती झिजते. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ विमान ३१ जानेवारी २००० ला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात पडलं, ८८ जण गेले. कारण बर्फ नव्हे, ग्रीस. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या जॅकस्क्रूला वंगण न मिळाल्याने त्याच्या नटचे आटे झिजून गेले होते. वंगणाची मुदत कागदोपत्री, रीतसर परवानगीने वाढत वाढत आठ महिन्यांवर गेली होती. प्रत्येक वेळी कारण तेच, मागच्या वेळी काही झालं नाही ना! शिवाय त्या जागी हात घालायची झडप इतकी लहान की काम बरंचसं चाचपून करावं लागे. अपघातानंतर आदेश निघाला, दर ६५० उड्डाणतासांना वंगण. म्हणून माझं म्हणणं असं की नुसता आदेश काढून भागत नाही, त्यातला आकडा कुणी कशाच्या आधारावर वाढवला हेही तपासलं पाहिजे. आणि डिझाइन करणाऱ्याने हात जाईल एवढी झडप ठेवली पाहिजे. ड्रॉइंग शीटवर ती झडप म्हणजे एक छोटा आयत असतो. हिवाळ्यातल्या रात्री शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला तो सगळ्यात मोठा वाटतो.

तुम्ही म्हणाल, मुंबईत कुठे बर्फ पडतो? पडत नाही. पण पावसाळ्यात पाणी पडतं, आणि ते फटींत, पोकळ्यांत शिरतं. निचऱ्याचं एखादं भोक मळाने बुजलं असेल तर ते तिथेच राहतं. मे महिन्यात नागपूर भाजून निघत असतं तेव्हाही त्याच नागपूरच्या डोक्यावर पस्तीस हजार फुटांवर पाणी द्रवरूप राहूच शकत नाही इतकी थंडी असते. श्रीनगर, लेह तर आपलेच. शिवाय परदेशी बनावटीच्या विमानांसाठी त्या त्या देशाने काढलेले आदेश आपल्याकडच्या विमान कंपन्यांनाही पाळावे लागतात. म्हणजे हे काम उद्या आपल्यातल्याच कुणाच्या तरी हातात असणार आहे.

असणार आहे का, हीच शंका आहे म्हणा. प्लेसमेंटच्या काळात 'मेंटेनन्स' म्हटलं की चेहरे पडतात. डिझाइन म्हणजे डोकं आणि मेंटेनन्स म्हणजे पाना, अशी आपली वाटणी. ती पावडर फुगते कशी, गोठते कधी, टॅबवरचा दाब किती आणि बर्फाची पकड किती, हे न कळता तपासणीची मुदत ठरवून दाखवा पाहू! त्या एका आकड्यात मटेरियल सायन्स, फ्लुइड, थिअरी ऑफ मशीन्स आणि स्टॅटिस्टिक्स सगळं येतं. ही वाटणी कुणी केली कोण जाणे, पण ती अडाणीपणाची आहे.

हे आदेश सगळ्यांना वाचायला खुले असतात, फुकट मिळतात, आणि बहुतेक दोन-चार पानांचेच असतात. काय घडलं, का घडलं, काय करायचं, किती दिवसांत, हे सगळं त्यात असतं. तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारला दरवर्षी तेच ते 'नॅनोटेक्नॉलॉजी : एक आढावा' ऐकून सर कंटाळलेत, हे त्यांनी स्वतःच वर्गात सांगितलंय. यंदा प्रत्येकाने असा एक आदेश घ्यावा आणि त्यातली मुदत कमी आहे की जास्त यावर पंधरा मिनिटं भांडावं. विभागप्रमुखांनी तशी सक्ती केली तरी माझी हरकत नाही.