तपासणीची आदली रात्र

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगतच्या एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेथे शौचकूप एकच आणि नळाच्या पाण्याची वेळ ठरलेली, तेथे कोलोनोस्कोपीपूर्वी, म्हणजे नळीने मोठे आतडे तपासण्यापूर्वी, खारट रेचकाचे पेलेमागून पेले रिचवणाऱ्या वृद्ध गृहस्थास खरा जाच होतो तो त्या रात्रीचा. दुसऱ्या दिवशीची नळी, गुंगीचे औषध दिले असल्यास, बहुधा त्याच्या स्मरणातही राहत नाही. त्या नळीऐवजी, २००१ साली अमेरिकेत मान्यता पावलेली, सुमारे २६ मिलिमीटर लांबीची, कॅमेरा बसवलेली कॅप्सूल गिळणे सुसह्य आहे, हे निर्विवाद. परंतु अशा कॅप्सूलद्वारे मोठे आतडे पाहावयाचे तर पोट तितकेच, किंबहुना अधिक काटेकोरपणे, साफ करावे लागते. शिवाय ती केवळ पाहते. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरील वाढ) आढळल्यास तो काढण्यासाठी नळीवाचून गत्यंतर नाही, आणि आतडे अरुंद झाले असेल तर ती अडकूही शकते. लहान आतड्यातील गूढ रक्तस्रावाचा छडा लावण्यात मात्र तिचे उपकार थोर आहेत. संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी ही सर्व हकीकत, खर्चाच्या तपशिलासह, रुग्णास मराठीत समजावून सांगितली पाहिजे, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धास आदल्या रात्री रुग्णालयातच खाट मिळेल अशी तजवीज झाली पाहिजे.