पोलिसांच्या शाळेत आपलं खाचर शिकवा

पोलीस काय शिकून येतो, हे आपण ग्रामसभेत कधी बोलत नाही. बोलायला पाहिजे.

फौजदार घडतात नाशिकला, महाराष्ट्र पोलीस अकादमीत. ती शाळा इंग्रजांनी 1906 ला काढली. त्याच इंग्रजांनी 1848 ला आपल्या राघोजी भांगरेंना फाशी दिली होती. शिपाई मरोळ, धुळे, जालना अशा ठिकाणी शिकतात. परेड असते, बंदूक असते, कायदाही असतो. तरी अकोले तालुक्याच्या डोंगरात आले की पहिला सवाल एकच, "सातबारा कुठाय?"

वनहक्क कायदा 2006 चा. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणाला उठवता येत नाही, असं कलम 4(5) सांगतं. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब, जुना बांध हाही पुरावा आहे. 2016 पासून बिगरआदिवासीनं आदिवासीचं उभं पीक मोडणं हा अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा आहे. हे ज्याला पाठ आहे, तो वनखात्याच्या बंदोबस्ताला येताना आधी विचारील, दावा कुठवर आलाय?

म्हणून आमची मागणी आहे : नव्या फौजदाराने प्रशिक्षणातले काही दिवस वनहक्काच्या गावात काढावेत. बांध, खाचर, शिवार ग्रामसभेनं दाखवावं.

तोवर आपणच मास्तर. ठाण्यात जाताना दाव्याची पोच घेऊन जा, एकटं जाऊ नका. तक्रार लिहिली की वाचून दाखवायला लावा, मगच अंगठा द्या. नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याबिगर उठू नका.