गोळीचा हिशेब

नवी मुंबईतल्या उंच इमारतींकडे पाहताना ही जमीन कुणाची होती, हे आपल्याला आठवत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी प्राणास मुकले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. म्हणजे मागणीत तथ्य होते. मग गोळीची घाई कशासाठी?

घटनेचे चौदावे कलम सर्वांना कायद्यापुढे समान मानते. बँकेत आम्ही टोकनाचा नंबर पुकारत असू. समोर धोतर आहे की सूट, हे पाहायचे नसे. पोलिसी बळाचेही तसेच हवे. पण १९९७ साली घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुन्हा दहा जण गोळ्यांना बळी पडले. गोळ्या वस्तीवर आणि शेतकऱ्यांवरच का चालतात?

भूखंडाने जमिनीचा हिशेब काही अंशी मिटला. त्या पाच घरांचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा?