वेगमर्यादा नक्की कुणावर अन्याय करते?

"काका, ही सरळसरळ लूट आहे."

गेल्या महिनाभरात हे वाक्य मी निदान दहा वेळा ऐकलं असेल. पुण्याचा पुतण्या, त्याचा मेव्हणा, आमच्या गल्लीतला टुरिस्ट गाडीवाला आणि माझेच दोन जुने विद्यार्थी. सगळ्यांच्या मोबाईलवर चलनं आली आहेत आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की वेगमर्यादेच्या नावाखाली सरकार गाडीवाल्यांचा खिसा कापतंय. मी गाडी चालवत नाही. सायकल होती, ती गुडघ्यांनी सोडवली. त्यामुळे "तुम्हाला काय कळणार" हे उत्तर मला तयारच मिळतं. पण रस्ता फक्त गाडी चालवणाऱ्याच्याच मालकीचा असतो, हे आधी कुणीतरी मला पटवून द्यावं. मग मी गप्प बसेन.

छत्तीस वर्षं पेपर तपासले, त्यामुळे कुणाचंही म्हणणं एका फटक्यात शून्य किंवा पैकीच्या पैकी असं माझ्या हातून होत नाही. तेव्हा चालकांच्या तक्रारी एकेक करून तपासू.

पहिली तक्रार : मर्यादाच मुळात फार कमी आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला सपाटीवर १०० आणि घाटात ६०. "एवढा पैसा घालून रस्ता बांधला, एवढ्या मोठ्या गाड्या आल्या, आणि चालवायचं बैलगाडीसारखं?" असा सवाल असतो. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रस्ता साधारण ९४ किलोमीटर. घाटबीट सगळं बाजूला ठेवून अख्खा रस्ता ताशी १०० ने कापला असं धरलं, तर ५६-५७ मिनिटं लागतात. ताशी १२० ने ४७ मिनिटं. म्हणजे वाचली किती, तर साडेनऊ मिनिटं. वाटेत वडापाव आणि चहासाठी थांबतात त्यात याच्या दुप्पट वेळ जातो, आणि तिथे कुणाला घाई झालेली मी पाहिली नाही.

या साडेनऊ मिनिटांची किंमत काय, तेही त्याच कागदावर मांडता येतं. वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ताशी ६० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आलं हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. तोपर्यंत आमच्या शाळेच्या दोन वर्गखोल्या ओलांडून झालेल्या असतात आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. गाडी कितीही महाग असो, हा सेकंद विकत मिळत नाही.

मर्यादा मूर्खपणाची असूच शकत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडात १८६५ साली कायदा होता, की यंत्रावर चालणाऱ्या गाडीनं गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल यापेक्षा जोरात जायचं नाही, आणि पुढे माणूस लाल निशाण घेऊन चालत जायचा. तो कायदा गेला ते बरंच झालं. आपल्याकडे उलटी गंमत आहे. २०१८ साली केंद्रानं कमाल मर्यादा वाढवल्या. द्रुतगती मार्गावर मोटारीला १२०, आणि नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीत ७०. पुढे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ती अधिसूचना रद्द ठरवली. द्रुतगती मार्गाचं सोडा, पण महापालिका हद्दीतला तो ७० चा आकडा पाहून मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. निवृत्ती चौकातून ताशी ७० ने मोटार? मर्यादा कमी आहे म्हणून ओरडणाऱ्यांनी एकदा या आकड्याकडेही पाहावं.

या तक्रारीतला खरा भाग एवढाच, की मर्यादा एकदम बदलते आणि पाटी दिसत नाही. हा दोष शंभर टक्के सरकारचा. मोटार वाहन कायद्याचं ११२ वं कलम राज्य सरकारला मर्यादा ठरवण्याचा अधिकार देतं आणि त्याच दमात योग्य जागी फलक लावायलाही सांगतं. प्रश्नपत्रिका न देता उत्तरपत्रिका तपासता येत नाही. इथे चालकांना पूर्ण गुण.

दुसरी तक्रार : हा सगळा वसुलीचा धंदा आहे. हे वाक्य कोल्हापुरात बोलताना तरी जरा विचार करावा. वसुली म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. प्रा. एन. डी. पाटील सर आणि कॉम्रेड पानसरे यांच्या मागे हे गाव टोलविरुद्ध रस्त्यावर उतरलं आणि २०१५ च्या अखेरीस टोल घालवूनच थांबलं. टोल अन्यायाचा का वाटला? कारण तुम्ही कितीही सज्जनपणे गाडी चालवा, तो चुकत नव्हता. स्वतःच्या गावातल्या रस्त्यावरून जायचे पैसे होते ते. चलन तसं नाही. ते टाळायला मोर्चा लागत नाही, आमदार लागत नाही, वशिला लागत नाही. उजवा पाय थोडा उचलला की झालं. इतक्या सहज चुकवता येणारा दुसरा कर मला कुणी दाखवावा!

समोरून येणाऱ्याला दिव्यांची उघडझाप करून "पुढे मामा उभे आहेत" हे सांगायची आपल्याकडची पद्धत ही काही आपली एकट्याची हुशारी नव्हे. १९०५ साली इंग्लंडात मोटारवाल्यांनी एक संघटना काढली, ती याच कामासाठी. सायकलवर माणसं नेमली आणि पोलिसांनी वेग मोजायला सापळा कुठे लावलाय ते सभासदांना कळवायची सोय केली. म्हणजे चालकाला वेगमर्यादा अन्यायाची वाटणं हा आजार मोटारीइतकाच जुना आहे. त्याला कायदा कारणीभूत आहे असं मला वाटत नाही.

तिसरी तक्रार : चलन कधीतरी उशिरा, मागून येतं. इथे मात्र मी ठामपणे चालकांच्या बाजूला आहे. जून महिन्यात केलेल्या खोडीबद्दल दिवाळीच्या सुट्टीत छडी मारली, तर पोराला छडी लक्षात राहते, खोडी नाही. शिक्षा खोडीच्या जवळ असली तरच ती शिकवते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रानं केलेल्या नियमात, यंत्रानं टिपलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी असं लिहिलं होतं. यंत्राला दरवर्षी प्रमाणपत्र हवं आणि कॅमेरा आहे हे सांगणारी पाटीही हवी, असंही त्यात होतं. शिवाय हे ज्या शहरांत व्हायचं त्या यादीत आपल्या कोल्हापूरचं नाव आहे. नियम चांगलाच होता. पण पुतण्याच्या मोबाईलवर सहा चलनं एकाच संध्याकाळी आली, ती वेगवेगळ्या तीन महिन्यांतली. यातून तो काय शिकला? एवढंच, की सरकार कटकट्या आहे. त्यात जो मुकाट्यानं वेळेवर पैसे भरतो तो पूर्ण भरतो, आणि जो चलनं साठवत बसतो त्याला लोकअदालतीत तडजोडीची संधी मिळते. वर्गात मी असा नियम केला असता, तर एका पोरानंही गृहपाठ वेळेवर दिला नसता.

आणखी एक. २०१९ साली कायदा बदलला आणि हलक्या वाहनाला वेगाबद्दल १ हजार ते २ हजार रुपये दंड ठरला. त्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रानं नवे दंड लागू करायचं थांबवलं, कारण लोक नाराज होतील. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. नवे दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. दंड जर माणसं वाचवण्यासाठी होते, तर निवडणुकीपुरती माणसं मरत नव्हती काय? सरकारच असं वागलं, तर चालकानं दंडाला वसुली म्हटलं यात त्याची एकट्याची चूक नाही.

चौथी तक्रार : आधी रस्ते नीट करा, मग आम्हाला शिकवा. हिच्यावर टाळ्या पडतात. पण तर्क तपासून बघा. रस्ता खराब आहे, खड्डे आहेत, कठडा मोडलाय, म्हणून मी जोरात जाणार? वाईट रस्ता हे हळू जाण्याचं कारण असतं.

मात्र याच तक्रारीच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस आपल्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत गेली. १३ जीव गेले, त्यात लहान मुलं होती. आसपासच्या लोकांनी त्या काळोखात पाण्यात उतरून जेवढी वाचवता आली तेवढी माणसं वाचवली. चालकाचा ताबा सुटला असं दुसऱ्या दिवशी छापून आलं, आणि ते असेलही. पण पूल इंग्रजांच्या काळातला, अरुंद, कठडा दगडी. आणि त्याच्या शेजारी नवा पर्यायी पूल पुरातत्त्वाच्या कायद्यात अडकून अर्धवट उभा होता. १३ माणसं गेल्यावर कामाला गती आली. ही गती आधी का नव्हती? तिची मर्यादा कुणी मोडली, आणि त्याला चलन कुणी पाठवलं?

ज्या २०१९ च्या दुरुस्तीनं वेगाचा दंड वाढवला, तिनेच १९८-अ हे कलमही आणलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यातून कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी अपंग झालं, तर संबंधित प्राधिकरणाला, ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड. मी रोज दोन वर्तमानपत्रं अथपासून इतिपर्यंत वाचतो. या कलमाखाली कुणाला दंड झाल्याची एकही बातमी माझ्या वाचनात नाही. केंद्राच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यातले ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात आहेत. वेग मारतो यात मला शंका नाही. पण मीही आयुष्यभर रकाने भरलेत. जो रकाना भरला की पुढचे प्रश्न येत नाहीत, तो सगळ्यांत आधी भरला जातो. 'अतिवेग' लिहिलं की प्रकरण चालकापाशी संपतं, 'सदोष वळण' लिहिलं की साहेबापर्यंत जातं.

तर चार तक्रारींतली वसुलीची मी पूर्ण नापास केली, उशिराची पास, आणि उरलेल्या दोन निम्म्यानिम्म्या. पण या सगळ्या गोंधळात एक माणूस तक्रार करायला उभाच राहिलेला नाही. तो पायी चालणारा. २०२२ च्याच अहवालात मेलेल्यांपैकी ३२ हजारांहून अधिक पादचारी आहेत. त्यांना ना चलन आलं, ना त्यांनी कुठली मर्यादा मोडली.

आमची शिवाजी पेठ बघा. इथे उंबऱ्यातून पाय बाहेर टाकला की तो थेट रस्त्यावर पडतो. अर्धा शिवाजी पुतळ्यापासून उभ्या मारुतीपर्यंत चालत जायचं तर पदपथ शोधावा लागतो, आणि सापडला तर त्यावर गाड्या लावलेल्या असतात. संध्याकाळी रंकाळ्यावर जाणारी आम्ही म्हातारी मंडळी भिंतीला धरून चालतो, आणि मधून सायलेन्सर काढलेली बुलेट सुटते. मागं एकदा एकाला थांबवून म्हटलं, "बाळा, हळू." तर म्हणाला, "काका, गाडी काय ढकलत न्यायची व्हय?" माझ्या वयाच्या तिघांनी आता संध्याकाळचं फिरणं बंद केलंय. गुडघे शाबूत आहेत, हिंमत नाही. माणूस घरात कोंडला गेला, ही शिक्षा कुठल्या कलमाखाली?

वेग मोजायचं यंत्र मी आमच्या पेठेत एकदाही पाहिलं नाही. इथे वेगमर्यादा खऱ्या अर्थानं कोण पाळून घेत असेल, तर गंगावेशीत दूध घालायला निघालेल्या म्हशी. त्यांच्यापुढे बुलेटही गप्प उभी राहते. बाकी ठिकाणी लोकांनी स्वतःच न्याय काढलाय. मंडळाची पोरं एका रात्रीत डांबराचा बांध घालतात, त्याला पांढरा पट्टा नाही, पुढे पाटी नाही. त्यावरून ॲम्ब्युलन्स जाते, रिक्षातली बाळंतीण जाते, आणि ज्याच्यासाठी बांध घातला तो बुलेटवाला बाजूच्या फटीतून निघून जातो. असे बेकायदा गतिरोधक म्हणजे नागरिकांनी सरकारवर आणलेला अविश्वासाचा ठरावच आहे.

माझी खरी तक्रार ती ही. जिथे रस्ता मोकळा आणि सरळ, तिथे कॅमेरा, कारण तिथे वेग पकडायला सोपा. जिथे पोर चेंडूमागे धावत येतं, तिथे कुणीच नाही. चालकावर अन्याय होत असेलच, तर तो चलनात बसणाऱ्या हजार-दोन हजारांचा. चालणाऱ्यावर होतो तो हातापायाचा आणि जिवाचा.

२०२० साली स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेनं सांगितलं, की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० पेक्षा जास्त वेग नको. वेल्सनं २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांना सरसकट ताशी २० मैल लावले, तर विरोधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या. म्हणजे ओरडा तिथेही झालाच, पण त्या रस्त्यांवरचे जखमीही कमी झाले. आपल्या पेठांना ३० चा आकडा लावायला कुणाचा बाप अडवतोय? चौकाचौकात आकडा लिहिलेली पाटी, शास्त्रानुसार बांधलेला आणि रंगवलेला गतिरोधक, शाळा सुटायच्या वेळेला एक पोलीस, आणि पंधरा दिवसांच्या आत घरी येणारं चलन. एवढं झालं तर 'लूट' म्हणणाऱ्याशी भांडायला मी स्वतः चौकात उभा राहीन.

पुतण्या हे वाचेल आणि रागावेल, हे ठाऊक आहे. तू रागाव, पण सहाही चलनं भर. उशिरा आली म्हणून सरकारला खरमरीत पत्र लिही, मसुदा मी करून देतो. आणि पुढच्या वेळी कोल्हापूरला येशील तेव्हा गाडी रंकाळ्यापाशी लाव आणि घरापर्यंत माझ्याबरोबर चालत ये. अन्याय कुणावर होतो यावर आपण मग बोलू.

असो. इतर मंडळींनीही भांडायला अवश्य यावं. फक्त गाडी चालवताना मोबाईलवर हे वाचत असाल, तर आधी बाजूला थांबा.