दुर्गंध आणि जयणा
टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालयाच्या आसपासच्या नांदत्या घरांत चातुर्मासात कुबट वास येऊ लागतो. त्यावर सुगंधी फवारा मारणे म्हणजे थकबाकी तशीच ठेवून वहीला नवे पुठ्ठे घालणे होय. वासाचे मूळ बहुधा ओलाव्यात असते. ओलाव्याने बुरशी धरते; ती अनंतकाय, एकदा धरल्यावर पुसणे ही हिंसाच. म्हणून जयणा आधीच पाळावी. ओले पंचे घडी करून ठेवू नयेत, पोतेरे रोज वाळवावे, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर असावीत, खरकटे रात्रभर ठेवू नये. वापरात नसलेल्या न्हाणीघराच्या जाळीखालचे पाणी आटले की गटाराची हवा घरात शिरते. तेथे आठवड्यातून एकदा तांब्याभर गाळलेले पाणी ओतावे. वास नाकाला जाणवतो, तेव्हा जयणेला उशीर झालेला असतो.